पेस्काडोरेसची दुरुस्ती

पिंगळीकर सरांच्या शोकसभेत मी सात मिनिटं बोललो. 'ज्ञानाचा अखंड झरा' म्हणालो, 'विद्यार्थ्यांचे दीपस्तंभ' म्हणालो. सर भूगोलाचे शिक्षक, त्यामुळे दीपस्तंभ मला विशेष समर्पक वाटला होता. कार्यक्रम संपल्यावर सरांच्या पत्नींना, म्हणजे वहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "अनंतराव, तुमी मघाशी बोलायले होता ते कोणाबद्दल?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसलो. त्याला चार महिने झाले. मी तसा सावकाशच लिहितो. जिंतूरच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पोरांच्या निबंधांवर लाल शाईनं 'पाल्हाळ टाळा' असा शेरा मारत आलो. आता स्वतः लिहायला बसल्यावर कळतंय की पाल्हाळ टाळलं तर माझ्याजवळ फारसं काही उरत नाही.

सर माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, डाव्या कानावर कायम पेन्सिल. ती पेन्सिल ते ब्लेडनं तासायचे आणि तासलेला भुसा सदऱ्याच्या खिशात टाकायचे. वर्गात कचरा नको म्हणून. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी लग्नानंतर धुतलेल्या प्रत्येक सदऱ्यातून लाकूड निघालं.

दिशा हा सरांचा छंद नव्हता, ती त्यांची प्रकृतीच होती. कुणी "डावीकडं सरका" म्हणालं की ते "उत्तरेला का?" असं विचारून घ्यायचे. सकाळच्या बसनं परभणीला जायचं तर उजवीकडं बसायचं, कारण ऊन डावीकडून येतं, हा त्यांचा नियम. नियम स्वतःपुरता ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा वैशाखात त्यांनी डावीकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून उजवीकडं आणलं. तीन जणांच्या बाकावर पाच जण झाले. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला आणि हात जोडून म्हणाला, "सर, गाडी कलंडायली."

"बोरीपर्यंत चालवून घ्या," सर म्हणाले. "पुढं सूर्य वर येतो."

मी त्या बसमध्ये होतो. डावीकडच्या रिकाम्या झालेल्या बाकावर एकटा ऐसपैस बसून, पुस्तक उघडून, सरांना ओळखत नसल्यासारखं करत होतो. बोरी येईपर्यंत माझा डावा कान भाजून निघाला.

पण सरांचं खरं प्रेम बेटांवर होतं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. का, असं विचारलं तर म्हणायचे, "बघू की. जातोय कुठं तो." त्यांच्याजवळ एक जुना नकाशासंग्रह होता, त्यांच्या शिक्षकांनी जाताना दिलेला. पानं पिवळी, कडा उंदरांनी तपासलेल्या. वर्षाच्या सुरुवातीला सर त्यातून वर्गातल्या प्रत्येकाला एकेक बेट वाटून द्यायचे. वर्षभर त्या बेटाची जबाबदारी त्या पोराची. तिथं पाऊस किती, पीक काय, लोक काय खातात, नाव कुणी ठेवलं. आमच्या शाळेच्या मैदानावर "अझोर्स, पास दे!" अशा आरोळ्या ऐकू यायच्या आणि नवीन मुख्याध्यापक दचकायचे.

वाटपातलं सगळ्यात मानाचं बेट, किंवा बेटांचा पुंजका, म्हणजे पेस्काडोरेस. तैवानच्या पश्चिमेला समुद्रात सांडलेले ठिपके. पोर्तुगीज गलबतं तिथून गेली, खलाशांना किनाऱ्यावर मासे धरणारी माणसं दिसली, आणि त्यांनी आपल्या भाषेत लिहून टाकलं, पेस्काडोरेस. म्हणजे मासे धरणारे. सरांना हे नाव उच्चारायला फार आवडायचं. ते म्हणताना त्यांची मान किंचित वर जायची. सहामाहीला त्यावर एक प्रश्न ठरलेला, आणि न येणाऱ्याला तास संपेपर्यंत उभं राहणं ठरलेलं.

सर निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली असताना शाळेत नवा नकाशा आला. सरांनी तो भिंतीवर लावला, भिंग घेतलं आणि तैवानपाशी गेले. तिथं पेस्काडोरेस नव्हतं. पेंगहू असं काहीतरी होतं. सरांना आधी छपाईची चूक वाटली. मग त्यांनी आठ दिवस चौकशी केली, परभणीच्या ग्रंथालयात दोन चकरा मारल्या, आणि कळलं की तिथली माणसं आपल्या बेटांना केव्हापासूनच पेंगहू म्हणतात. पोर्तुगीज नाव गलबतावरून ठेवलेलं. ठेवणाऱ्यानं खाली उतरून विचारलेलंच नाही.

आमच्यापैकी कुणी असतं तर "हे मात्र गमतीदार आहे" म्हणून चहाला गेलं असतं. सर त्या दिवशी डबा न खाता बसले होते.

"अनंतराव, समजा एखादा गोरा साहेब आपल्या बसस्टँडवरून गेला, त्याला शे-दीडशे माणसं बसलेली दिसली, आणि त्यानं जिंतूरचं नाव 'गाडीची वाट बघणारे' असं ठेवलं. चालंल का?"

"तसं अगदीच चुकीचं नाही होणार," मी म्हणालो. असलं बोलून मी स्टाफरूममध्ये हुशार म्हणून नाव मिळवलं होतं.

सर हसले नाहीत. "मी लेकरांना त्या नावासाठी उभं केलंय," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारपासून त्यांनी दुरुस्ती सुरू केली. जुने विद्यार्थी जिथं भेटतील तिथं गाठायचे आणि चूक कबूल करायची. एकदा मला सोबत घेऊन ते बायपासवरच्या पंक्चरच्या दुकानात गेले. दुकानदार जुना विद्यार्थी, चाळिशी गाठलेला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. सरांना बघून चटकन उठला, हात पुसले.

"बस, बस. अरे, ती बेटं होती ना, तैवानच्या बाजूची. त्यांचं नाव मी चुकीचं सांगितलं होतं. त्यांचं खरं नाव पेंगहू."

"कोणती बेटं, सर?"

"पेस्काडोरेस. येत नव्हतं म्हणून तुला तासभर उभं केलं होतं."

दुकानदारानं बराच विचार केला. "सर, मला तर रोजच उभं करायचे. गणिताचे सर, इंग्रजीचे सर, तुमी. कोण कशापायी उभं करायलंय ते कवाच इचारलं न्हाई. चहा सांगू का?"

सरांनी चहा घेतला आणि निघताना पुन्हा एकदा "पेंगहू" असं सांगून ठेवलं. त्यानं "हाव, पेंगहू" म्हणून पाठ म्हटल्यासारखं म्हटलं आणि ट्यूब परत पाण्यात घातली. परतताना मी लांबून चालत होतो. कुणी पाहिलं तर सर काहीतरी वस्तू विकत फिरतात आणि मी त्यांचा मदतनीस आहे असं वाटेल, अशी मला भीती होती.

निवृत्तीनंतर सरांनी येलदरी शोधून काढली. म्हणजे धरण होतंच, जिंतूरहून बसनं जेमतेम अर्ध्या तासावर. आम्ही सगळे शाळेच्या सहली तिथं नेत आलो होतो. पण पाणी भरल्यावर मागच्या बाजूला ज्या टेकड्या पाण्यात उभ्या राहतात त्यांना बेटं म्हणायचं, हे आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, ती काय खरी बेटं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की गायी चालत जातात तिथं."

"चारी बाजूंनी पाणी म्हणजे बेट. किती महिने, हे व्याख्येत नाही. पाणी खारं का गोडं, हेही नाही."

मोबाईलवरच्या नकाशात तिथं निळ्यात करडे ठिपके दिसतात, नाव एकाचंही नाही. सरांनी मोजले, चौदा. मग त्यांनी कापडावर चिकटवलेला एक मोठा कागद घेतला, चौकोन आखले आणि नकाशा करायला बसले. नियम एकच, पण कडक. आधी त्या बेटावर पाय ठेवायचा. मग ती जागा जो वापरतो, कुणी मासे धरणारा, कुणी गुरं चारणारा, त्याला नाव विचारायचं. तोवर पेन्सिल. विचारून झालं की शाई. नावाखाली बारीक अक्षरात नाव सांगणारा कोण आणि बेटावर उतरणारा कोण, तेही लिहायचं.

तीन हिवाळ्यांत बारा बेटं झाली. मारोती नावाचा कोळी त्यांना आपल्या होडीतून न्यायचा. सटवाईचं टेकाड, तीन बाभळी, कोल्ह्याचं, खळं. सर नावं आणायचे आणि मी माझ्या बऱ्या अक्षरात ती नकाशावर उतरवायचो. माझा सहभाग एवढाच, घरातल्या घरात, पंख्याखाली. उतरणारा म्हणून बाराही ठिकाणी सरांचं नाव.

मग सरांचं हृदय कमजोर निघालं. डॉक्टरांनी जिना बंद केला, मीठ बंद केलं, होडीबद्दल विचारल्यावर नुसतं वहिनींकडं पाहिलं. दोन बेटं राहिली होती, पार पलीकडच्या काठाला, रुंद पाण्यात. सरांनी मला बोलावलं. खाटेवर उशीला टेकून बसले होते, पायांवर सूज होती.

"अनंतराव, एक तसदी देतो. तेवढी दोन करून आणा. शाईत झालेला नकाशा बघायचाय मला. माझ्या हातून एक चुकीचं नाव तीस वर्षं चाललं. आता दुसरं मागं ठेवून जायचं नाही."

मी "त्यात काय" म्हणालो. मला पोहता येत नाही, आणि पाण्याची अशी भीती की अंघोळीला शॉवरपेक्षा बादली बरी वाटते, हे मी सांगितलं नाही.

येलदरीला मारोतीनं होडी काठाला लावली. मी पिशवी छातीशी धरून आत बसलो. होडी थोडी पुढं गेली, वाऱ्यानं एक बाजू खाली गेली, आणि मी ओरडलो, "मागं घ्या! मागं घ्या!"

मारोतीनं वल्हं पाण्यात उभं केलं. ते निम्म्याच्याही वर राहिलं. "सर, हितं कमरेएवढंबी न्हाई. उतरून चालत जाचाल."

"मागं घ्या."

काठावर बसून मी बोट दाखवून विचारलं, "ती दोन टेकाडं, त्यांना काय म्हणता तुम्ही?"

"ती पल्याडच्या लोकायची. आमी तिकडं जाळं टाकीत न्हाई. ठाव न्हाई. म्हणून तर म्हणलं चला."

मी त्याच्याकडून एक किलो कटला घेतला, घरी आम्ही कुणी मासे खात नाही, आणि बसमध्ये बसलो. परतीच्या वाटेवर मी दोन नावं तयार केली. आधी सुचलं 'हंसद्वीप' आणि 'एकांत'. ती फारच माझी वाटली. मग मी त्यांवर काम केलं. 'बगळ्याचं' आणि 'एकल्याचं टेकाड'. दुसरं तर इतकं अस्सल जमलं की जिंतूर येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. बोलीभाषेची जाण म्हणतात ती हीच, असं वाटलं.

सरांनी नावं ऐकली. माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सांगणारा कोण?"

"एक मेंढपाळ. म्हातारा."

"नाव?"

"विचारायचं राहिलं."

"बरं," सर म्हणाले आणि नकाशा माझ्याकडं न देता स्वतःच पेन्सिलीनं दोन्ही नावं लिहिली. वहिनींना चहा टाकायला सांगितलं. पलीकडचा काठ कसा आहे, झाडी काय, असलं त्यांनी काहीच विचारलं नाही. सरांनी भूगोलाचा प्रश्न विचारला नाही यावरूनच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर पंधरा दिवस मी तिकडं फिरकलो नाही. वाचनाचा ढीग साचला होता असं घरी सांगत होतो. एक दिवस वहिनींचा फोन आला. "अनंतराव, येऊन जा हो. रोज इचारायलेत, अनंतराव आले का म्हणून. काही बोलत नाहीत, नकाशा तेवढा पुढ्यात घेऊन बसायलेत."

गेलो. सर झोपले होते. नकाशा खाटेशेजारी टेबलावर पसरलेला. बारा नावं काळ्या शाईत, माझ्याच अक्षरात, आणि दोन फिकी, त्यांच्या हातची. सरांनी डोळे उघडले.

"सर, मी गेलो नव्हतो. काठावरूनच आलो. नावं माझी आहेत."

"मालूम आहे."

"मारोती बोलला?"

"त्याला कशाला विचारू? डिसेंबरात पाणी मागं सरकायलंय. कोणत्याही बेटावर उतरा, गुडघ्यापर्यंत काळा गाळ. तुमच्या पँटची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मास्तर आहे मी. पोरगं आपणहून सांगंल म्हणून थांबायची सवय."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचं पोरगं होतो. म्हणालो, "एकल्याचं टेकाड बरं जमलं होतं पण."

"लय छान जमलं होतं," सर म्हणाले. "पोर्तुगीजांनासुद्धा इतकं जमलं नाही. आता उद्या सकाळी चला. मी येतो."

वहिनींनी आधी साफ नकार दिला. मग सरांशी आत जाऊन काय बोलणं झालं माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात मफलर होता. "खुर्ची घेऊन जा घरची," मला म्हणाल्या. "त्यांना खाली बसलं की उठता येत नाही. आणि तुमी सोडू नका त्यांना."

मारोतीनं होडीच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची दोरीनं बांधली. सरांना उचलून तिच्यात बसवलं. "राजाच दिसायले की सर!" म्हणाला. मी त्यांच्या पायाशी बसलो. होडी निघाली तशी सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला धीर द्यायला धरलंय असं समजून मी भारावलो. वर पाहिलं तर सरांचे डोळे गच्च मिटलेले.

"सर, बरं वाटत नाही का?"

"भीती वाटायली. पोहता कुठं येतं मला."

"मग बारा बेटं?"

"अशीच केली. मारोतराव सांगतात, आलं म्हणून. मग उघडतो."

मारोती वल्हं मारत हसला. "पैल्या खेपेला तर माझं धोतर धरून बसले हुते."

पहिल्या बेटाशी होडी लागली. सरांना उतरणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाय खाली टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. दुसरा पाय टाकला तेव्हा पहिल्यातली चप्पल गाळानं ठेवून घेतली. चार पायांवर, म्हणजे खरोखरच हात टेकत, मी वर चढलो.

पलीकडच्या उतारावर पाणी सरकलेल्या जागेत हरभरा पेरलेला होता, आणि एक म्हातारी खुरपत बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"गयाबाई. काहून? मोजणी करायलाव का?"

"नाही, नाही. मी मास्तर आहे. या टेकाडाला काय म्हणता, तेवढं विचारायला आलो."

"ह्येच इचारायला चिखल तुडवीत आलाव?" ती माझ्या एका अनवाणी पायाकडं बघत होती. "उकंडा म्हणतो आमी ह्येला."

"उकंडा?"

"गाव हुतं ना आमचं खाली. ह्या टेकाडावर समदं गाव शेण-कचरा टाकायचं. धरण झालं, गाव गेलं पाण्यात. माझं घर त्या तिथं हुतं, जाळ्याचा ठोकळा तरंगायलाय बघा, त्याच्या जरा अल्याड. समदं बुडालं, उकंडा तेवढा ऱ्हायला. पण हरभरा झ्याक येतो."

"आणि ते पलीकडचं?"

"त्येला काय नाव? तिथं कवा कोण गेलंच न्हाई. नुसता दगुड हाय."

मी वळलो. होडी बरीच खाली होती, वारा उलटा होता. मग मी, ज्यानं एकतीस वर्षं शुद्ध मराठी शिकवली, बगळ्याचं म्हणून नाव दिलेल्या त्या टेकाडावर उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "उकंडा!"

"काय?" सर खुर्चीतून.

"उकंडा, सर! उकंडा!"

सर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मारोतीनं पाठीवर हात फिरवला, तरी हसत होते. तसं हसताना मी त्यांना शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या बेटाच्या दगडावरही मी चढून आलो. तिथं कुणी नव्हतं, कशाची खूणही नव्हती. होडीत परत आलो तेव्हा सरांनी मांडीवर फळी, फळीवर नकाशा घेतला होता. पेन्सिलीची दोन्ही नावं त्यांनी खोडरबरनं पुसली होती. पेन माझ्या हातात दिलं. मी चिखलाची बोटं सदऱ्याला पुसली आणि लिहिलं, उकंडा. खाली बारीक अक्षरात, सांगणारी गयाबाई. पुढं लिहायला माझा हात अडला.

"लिहा की," सर म्हणाले. "उतरणारा कोण?"

मी माझं नाव लिहिलं. अक्षर काही बरं आलं नाही.

मग पेन चौदाव्या बेटावर नेलं. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात दोन-तीन नावं तयार होती. सरांनी त्या जागेवर आपला तळहात पालथा ठेवला.

"हे राहू द्या रिकामं. इथलं कोणी भेटलं नाही ना."

मी पेनाला टोपण लावलं. मारोतीनं होडी वळवली. सरांनी पुन्हा डोळे मिटून घेतले, एका हातानं माझं मनगट धरलं, आणि दुसरा हात काठ येईपर्यंत नकाशावर तसाच ठेवला.